इंजिनाच्या श्वासमार्गातील काजळी

खंडाळ्याचा घाट चढताना डिझेल मोटार पूर्वीसारखी ओढत नाही, अॅव्हरेज उतरले आहे, अॅक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर सुटतो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला गॅरेजमध्ये बहुधा इंजेक्टर किंवा टर्बोचा खर्च सांगितला जातो. मात्र, दोष कधी कधी फारसे कोणी नाव न घेणाऱ्या भागात असतो. आत घेतलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा हा भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड.

स्वच्छ हवेच्या वाटेवर काजळी येते, ती प्रदूषण रोखण्याच्या योजनेमुळे. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण कमी व्हावे, म्हणून जळलेल्या वायूंचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा मॅनिफोल्डमध्ये सोडला जातो. त्यामुळे ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. पण वायूबरोबर काजळीही येते. दुसऱ्या नळीतून क्रँककेसमधील तेलाची वाफ येते. सुकी काजळी एकटी फारशी चिकटत नाही. तेलाशी गाठ पडली, की तिचे डांबर होते. इंजिन तापण्यापूर्वीच संपणाऱ्या शहरी फेऱ्यांत हा थर झपाट्याने वाढतो.

मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो यांत वापरलेले १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल मोटारी बंद केल्या. तरीही अशा जुन्या गाड्या आजही धावत आहेत आणि वयोमानाने त्यांचे हे काम निघते.

मॅनिफोल्ड उतरवण्यापूर्वी एअर फिल्टर, टर्बोच्या नळ्यांतील गळती आणि ईजीआर व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. काम काढल्यास प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. मॅनिफोल्ड निघताच इंजिन हेडची उघडी तोंडे स्वच्छ कापडाने बंद करणे अत्यावश्यक आहे. कडक काजळीचा खडा सिलिंडरमध्ये पडला, तर दुरुस्तीचा खर्च सफाईच्या कितीतरी पट होतो. सुटा केलेला भाग डिझेलमध्ये भिजवून ब्रशने घासावा. कॉस्टिक सोड्याचा मोह टाळावा, कारण तो अॅल्युमिनियम खातो. भाग पूर्ण सुकवून, नवे गॅस्केट घालून, बोल्ट मधून कडेकडे टॉर्क पान्यानेच आवळावेत.

चालू इंजिनात स्प्रे मारून ‘न उघडता सफाई’ करण्याची पद्धत डिझेल गाडीत धोक्याची आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; आत येणारे जे काही जळू शकते, ते त्याला इंधनच. स्प्रेचे प्रमाण जास्त झाले, तर किल्ली बंद करूनही इंजिन भरधाव फिरत राहू शकते.

मॅनिफोल्ड बदलून ताकद वाढवण्याचे आकर्षण तरुणांत असते. लांब, अरुंद नळ्या कमी फेऱ्यांवर जोर देतात, तर आखूड, रुंद नळ्या जास्त फेऱ्यांवर. रेसिंगसाठी बनवलेला दुसऱ्या प्रकारचा मॅनिफोल्ड सिग्नलवरून निघताना उलट मंद वाटतो. टर्बो डिझेलमध्ये तर हवा दाबानेच येत असल्याने केवळ मॅनिफोल्ड बदलून मिळणारा फायदा किरकोळ ठरतो. त्या पैशांत ईजीआर व्हॉल्व्ह आणि ब्रीदर नळीची सफाई सहज बसते.

काही गॅरेजांत ‘कायमचा उपाय’ म्हणून ईजीआरच्या वाटेवर पत्र्याची चकती बसवून ती बंद केली जाते. काजळी थांबते, हे खरे. पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते, हे वायू मोजले जात नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळून जाते. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा मात्र पेटतो. मग तो सॉफ्टवेअर बदलून विझवला जातो आणि पुढे त्या भागात खरा बिघाड झाला, तरी मालकाला पत्ता लागत नाही.