धैर्याची प्रार्थना : पंडिता रमाबाई आणि दोन दुष्काळ

नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ ज्या मंडळीला उद्देशून लिहिले गेले, ती मंडळी सुखात नव्हती. त्यांच्यापैकी काही जण बंदिवासात होते, काहींची मालमत्ता लुटली गेली होती, आणि अनेकांना आपण धरलेली वाट सोडून द्यावी असे वाटू लागले होते. अशा लोकांना पत्रलेखक चौथ्या अध्यायाच्या शेवटी सांगतो की, कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने या. ‘धैर्य’ हा प्रचलित मराठी भाषांतरातला शब्द. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पार्‍हेसिया’. त्याचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ ‘सर्व काही बोलणे’. अथेन्सच्या सभेत स्वतंत्र नागरिकाला मोकळेपणाने बोलण्याचा जो अधिकार होता, त्यासाठी हा शब्द वापरीत. गुलामाला तो अधिकार नव्हता.

हा अर्थ लक्षात घेतला म्हणजे त्या वाक्यातील धाडस ध्यानात येते. राजासनाजवळ आपण होऊन जाणे ही जुन्या जगात जिवावरची गोष्ट होती. न बोलावता पर्शियाच्या राजापुढे उभी राहणारी एस्तेर राणी आपला मृत्यू गृहीत धरूनच निघाली होती. यरुशलेमच्या मंदिरातील परमपवित्र स्थानी फक्त प्रमुख याजकाने, तेही वर्षातून एकाच दिवशी, प्रवेश करावा असा नियम होता. अशा पार्श्वभूमीवर नागवल्या गेलेल्या, भेदरलेल्या माणसांना सभेतल्या नागरिकाप्रमाणे बोलण्याचा अधिकार बहाल केला जातो. तो कशाच्या बळावर? पत्रलेखकाचे उत्तर असे की, राजासनाजवळ जो प्रमुख याजक आहे त्याला मानवी दुर्बलतेची जाणीव आहे. त्याने स्वतः आक्रोश करीत, आसवे गाळीत प्रार्थना केली आहे.

ख्रिस्ती प्रार्थनेविषयीचा हा विचार मराठी भूमीत कोणी जगून दाखवला, असा प्रश्न केला तर पहिले नाव पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) घ्यावे लागते. त्यांच्या चरित्राची सामाजिक बाजू आपल्याकडे बरीच चर्चिली गेली आहे. धार्मिक बाजूकडे मात्र पुष्कळदा संकोचाने पाहिले जाते. वास्तविक या दोन बाजू वेगळ्या काढताच येत नाहीत, असे त्यांच्या आयुष्यातील दोन दुष्काळ सांगतात.

पहिला दुष्काळ १८७४ च्या सुमाराचा, मद्रास इलाख्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब वर्षानुवर्षे हिंडत असे. दुष्काळाने त्यांना गाठले तेव्हा जवळचे सर्व दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले होते. मजुरी करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज होती. शेवटी वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला; तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरीला जाण्याची तयारी दाखवली. तरीही उशीर झालाच होता. १८७४ मध्ये वडील गेले, लागोपाठ आई, आणि पुढे थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पुढे बहीणभाऊ पायीच देशभर फिरले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

या अनुभवाने रमाबाईंचा पारंपरिक देवधर्मावरील विश्वास उडाला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण मरणासन्न वडिलांनी आपल्याला देवाच्या हाती सोपवले व त्याचीच होऊन राहा असे सांगितले, ही आठवणही त्यांनी १९०७ च्या आपल्या ‘साक्षी’त कृतज्ञतेने नोंदवली आहे. वडिलांचा धर्म सोडलेल्या मुलीने वडिलांचा निरोप मात्र टाकला नाही.

१८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली नाही. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, येथपर्यंत सर्व प्रश्नांवर त्या निर्भीडपणे वाद घालतात. ज्यांच्या आश्रयाला आपण आहोत त्यांच्याशीही त्या मिंधेपणाने बोलत नाहीत. पुढे त्यांनी कबूल केले की, त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता; तो शोध १८९१ च्या आसपास पुरा झाला.

१८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या वादातून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. समाजाचा आधार तुटला. बॉस्टनच्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दिलेली मदतीची हमीही दहाच वर्षांची होती. ती १८९८ मध्ये संपणार होती. आणि नेमक्या याच सुमारास, १८९६ च्या अखेरीस, दुसरा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंजवळ ना पैसा होता, ना जागा. पण भुकेने मेलेल्या आईबापांची आठवण होती. त्या स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू होते. म्हणून पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर या मुलींना हलवावे लागले. तेथेच पुढे ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रमातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या काळात रमाबाईंच्या मनावर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचा ठसा होता. म्यूलरांनी अनाथालये चालवताना माणसांपुढे हात न पसरता केवळ देवाजवळ मागायचे असे व्रत घेतले होते. रमाबाईंनी म्यूलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांचे वृत्तान्त वाचले आणि स्वतःला विचारले की, हे हिंदुस्थानात का होऊ नये? केडगावी प्रार्थना हा दिनक्रमाचा कणा झाला. मात्र प्रार्थना केली म्हणून हातपाय थांबले नाहीत. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना निघाला. पुढे ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून आश्रमाची हकिगत दूरच्या हितचिंतकांपर्यंत जाऊ लागली. आईबापांच्या दुष्काळात देवावरील श्रद्धेने श्रमाची वाट अडवली होती. मुलीच्या दुष्काळात श्रद्धेनेच ती मोकळी केली. माझ्या मते दोन दुष्काळांमधील खरा फरक येथे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी परवड होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मधून जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, देणगीदारही गोरे. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. राजासनाजवळ मोकळेपणाने बोलण्याची सवय झालेल्या माणसाला गव्हर्नरच्या खुर्चीचे भय उरत नाही, असे म्हणावेसे वाटते. ‘पार्‍हेसिया’चा नागरी अर्थ आणि धार्मिक अर्थ येथे एकमेकांना येऊन मिळतात.

येथे एक आक्षेप टाळता येणार नाही. भुकेल्या मुलीने ज्या हाताने भाकर दिली त्या हाताचा धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकाराला स्वतंत्र म्हणावे काय? १८९३ मधील टीकाकारांच्या मनात हाच प्रश्न होता, आणि तो पोकळ नव्हता. जी प्रार्थना मोकळेपणाने बोलण्याचा हक्क मानते, तिला ‘नाही’ म्हणण्याचा हक्कही मानावाच लागेल. मात्र त्याच वेळी दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे : त्या मुलींसाठी मध्य प्रांतात आणखी कितीजण गेले होते? रमाबाईंच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते की, त्यांनी या मुलींना नुसते जगवले नाही. अक्षर दिले, हाताला काम दिले आणि बोलायला जागा दिली. १९०५ मध्ये मुक्तीत जे धार्मिक जागरण झाले, त्यात या मुली मोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करीत होत्या. कित्येकांना तो प्रकार विचित्र वाटला. पण आयुष्यभर तोंड मिटून राहायला शिकवलेल्या मुली देवापुढे आवाज चढवतात, ही घटना नुसती उन्माद म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही.

मराठी वाचकाला हा सूर सर्वस्वी परका वाटू नये. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाशी भांडण मांडले, त्याला जाब विचारला. तुकारामांचे भांडणही दुष्काळातून, घरातल्या मृत्यूंतून आलेले आहे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशीच गाऱ्हाणी आहेत, आणि ईयोबानेही देवापुढे आपली फिर्याद मांडली होती. धैर्याने जवळ जाणे आणि तक्रार करणे यांत विरोध नाही. जो परका असतो तोच जपून बोलतो.

तरीही या धैर्यात मागितलेले मिळेलच अशी हमी नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. केडगावी आणलेल्या सर्वच मुली वाचल्या नाहीत. जिच्या हाती काम सोपवायचे होते ती एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक अभ्यासून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते व्हावे हा त्यांचा आग्रह होता. मुलीच्या मृत्यूनंतरही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.

सोळाव्या वर्षी वडिलांनी ज्याच्या हाती सोपवले, त्याच्याशी रमाबाई पुढली अठ्ठेचाळीस वर्षे बोलत राहिल्या. कधी नाकारून, कधी वाद घालून, कधी मागून. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील ‘धैर्य’ या शब्दाला मराठीत भाष्य हवे असेल तर ते या आयुष्यात आहे.