डॅफ्नी ओरम: न वाजलेल्या संहितेचा पुरावा

डॅफ्नी ओरम यांच्या ‘स्टिल पॉइंट’ या रचनेला काय काय सामग्री लागते हे पाहिले, तर ती १९४८-४९ सालची आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. दोन वाद्यवृंद हवेत. एकाचा नाद भोवती अडसर लावून कोरडा करायचा, दुसऱ्याचा घुमू द्यायचा. जोडीला पाच मायक्रोफोन आणि आधीच मुद्रित करून ठेवलेल्या ७८ गतीच्या तबकड्या. या आवाजांवर प्रतिध्वनीचे आणि नादगुणाचे संस्कार करायचे, तेही वादन चालू असतानाच. पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या मुद्रित आवाजांची रचना रेडिओवरून ऐकवली ती १९४८ मध्येच. पण तिथे वाद्यवृंद नव्हता. वाद्यवृंदाच्या नादावर प्रत्यक्ष मैफलीत विद्युत्संस्कार करणारी संगीतकार श्टॉकहाउझेन यांची ‘मिक्स्टुर’ १९६४ची.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे सुचले कसे? उत्तर तिच्या नोकरीत सापडते. ओरम यांचा जन्म १९२५चा, विल्टशरमधल्या डिव्हायझेसचा. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधली जागा नाकारून त्या बीबीसीत लागल्या. मैफलींच्या प्रक्षेपणात मायक्रोफोनवरून येणाऱ्या आवाजांचा तोल सांभाळणे हे त्यांचे काम. युद्धकाळात आणखी एक जबाबदारी होती: रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वादन सुरू असताना त्याच रचनेची तबकडी बरोबरीने चालू ठेवायची, म्हणजे बॉम्बहल्ल्याने मैफल थांबली तरी श्रोत्यांना खंड जाणवू नये. वादक आणि तबकडी एकाच वेळी, शिवाय समोर मायक्रोफोनची बटणे. ‘स्टिल पॉइंट’ची सगळी सामग्री त्यांच्या कामाच्या टेबलावरच होती. हा तर्क आहे, पण नोकरीच्या तपशिलांशी तो तंतोतंत जुळतो.

बीबीसीने ही रचना नाकारली आणि संहिता बासनात गेली. बाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. १९५७ मध्ये ‘अँफिट्रिऑन ३८’ या नाटकासाठी त्यांनी ऑसिलेटर व टेपरेकॉर्डरवर संपूर्ण संगीत तयार केले. एप्रिल १९५८ मध्ये डेस्मंड ब्रिस्को यांच्यासह बीबीसीचे रेडिओफोनिक वर्कशॉप उभे केले. तिथे नाटकांना लागणारे आवाज पुरवायचे होते. बाईंना स्वतंत्र संगीतरचना करायची होती. वर्षही पुरे झाले नाही तोच, जानेवारी १९५९ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

केंट परगण्यात रोथम गावाजवळ ‘टॉवर फॉली’ नावाच्या घरात त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. जाहिराती, लघुपट, नाटके यांच्या कामांवर चूल पेटत होती. १९६२ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनने ३,५५० पौंडांचे अनुदान दिले आणि ‘ओरॅमिक्स’ यंत्राला वेग आला. यंत्राची रीत अशी: ३५ मिलिमीटर रुंदीच्या दहा पारदर्शक फिल्मपट्ट्या शेजारी शेजारी सरकतात. त्यांवर रचनाकार काळ्या रंगाने खुणा करतो, रेषा काढतो. पट्ट्यांवर पडणारा प्रकाश त्या खुणा अडवतात, फोटोसेल तो फरक टिपतात. कुठल्या पट्टीवर स्वराची उंची, कुठल्या पट्टीवर आवाजाचा चढउतार. ध्वनिलहरीचा आकार मात्र वेगळ्या काचांवर रंगवायचा. वादक लागत नाही. हाताने काढलेली रेघच स्वर होते. स्वर बांधण्यामागची आपली भूमिका त्यांनी १९७२च्या ‘अ‍ॅन इंडिव्हिज्युअल नोट’ या पुस्तकात मांडली.

नव्वदच्या दशकात पक्षाघाताने काम थांबले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. टेप व कागद संगीतकार ह्यू डेव्हिस यांच्याकडे गेले आणि पुढे लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात पोहोचले. ओरॅमिक्स यंत्र सायन्स म्युझियमने घेतले आणि २०११ मध्ये प्रदर्शनात मांडले. ते बंद अवस्थेतच होते. ओरम यांनी आखलेली त्याची लहान आवृत्ती अपुरी राहिली होती. गोल्डस्मिथ्समधले संशोधक टॉम रिचर्ड्स यांनी टिपणांवरून २०१६ मध्ये ती बांधली.

‘स्टिल पॉइंट’चे नशीबही त्याच वर्षी उघडले. शिवा फेशारेकी आणि जेम्स बुली या संगीतकारांनी अपुऱ्या मसुद्यांवरून ती उभी केली आणि जूनमध्ये ती लंडनमध्ये सादर झाली. त्यानंतर पूर्ण संहिता हाती आली. तेव्हा दोघांनी पुन्हा पहिल्यापासून काम केले आणि जुलै २०१८ मध्ये बीबीसीच्याच प्रॉम्स महोत्सवात ती वाजली, तीही रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. दुसऱ्यांदा घेतलेल्या या कष्टांमुळे २०१८चे सादरीकरण अधिक साधार ठरते.

तरी एक भान ठेवायला हवे. १९४९ मध्ये हे कोणी ऐकलेच नव्हते, तेव्हा पुढच्या पिढीच्या रचनाकारांवर ‘स्टिल पॉइंट’चा प्रभाव पडला असे म्हणता येणार नाही. पुरावा सांगतो तो इतकाच की वाद्यवृंद आणि यंत्र एकाच रचनेत बांधण्याची कल्पना १९४९ मध्ये पुरती तयार होती आणि ती एका तंत्रज्ञ बाईची होती. रेडिओनाटकांना चमत्कारिक आवाज पुरवणारी बाई ही त्यांची रूढ ओळख त्यामुळे टिकत नाही. ओरम आधी रचनाकार होत्या, यंत्रे त्यांनी त्यासाठी बांधली.