‘नाइन इव्हनिंग्ज’ची कार्यक्रमपत्रिका

नाट्यप्रयोगाच्या पत्रिकेत अभियंत्यांची नावे कशासाठी? ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला ६९व्या रेजिमेंटच्या शस्त्रागारात झालेल्या ‘नाइन इव्हनिंग्ज : थिएटर अँड इंजिनिअरिंग’ या महोत्सवाचे वेगळेपण या प्रश्नातच आहे. (१९१३ चा गाजलेला ‘आर्मरी शो’ याच वास्तूतला.)

बेल लॅब्जचे अभियंता बिली क्लुव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १० कलावंत व सुमारे ३० अभियंते एकत्र आणले. राउशेनबर्गच्या ‘ओपन स्कोअर’मध्ये टेनिस रॅकेटच्या मुठीत छोटे ध्वनिप्रक्षेपक होते, प्रत्येक टोल्याचा नाद सभागृहात घुमे आणि एकेक दिवा मालवे. पूर्ण अंधार पडला की खेळ संपे. मग सुमारे ५०० माणसे त्या काळोखात वावरत. इन्फ्रारेड कॅमेऱ्यांमुळे ती प्रेक्षकांना दिसत, पण केवळ पडद्यावर.

संग्राहक आज ही पत्रिका जपतात, ते योग्यच. पुरावा म्हणून मात्र ती जपूनच वाचावी. पत्रिका प्रयोगाआधी छापली जाते. तिच्यात संकल्प असतो, घडलेले नसते. प्रत्यक्षात यंत्रे रुसली, पहिल्याच रात्री प्रेक्षक ताटकळले आणि समीक्षकांनी झोडपले. अभियंत्यांची खरी झुंज त्या ताटकळण्याच्या वेळात चालली होती, आणि तिचा मागमूस छापील पानांवर असणे शक्यच नव्हते.

जॉन केजच्या ‘व्हेरिएशन्स ७’चे तर विचारूच नये. शहरातील ठिकठिकाणचे टेलिफोन उघडे ठेवून तिथले आवाज त्याच क्षणी सभागृहात आणले जात. त्या रात्री उपाहारगृहात कोणती भांडी वाजतील, हे छापखान्याला कुठून ठाऊक असणार?