काव्यपुरुष वाशीमला चतुर्भुज होतात

पोट्टं हाताबाहेर गेलं की आपल्याकडे वडीलधारी मंडळी एकच औषध सांगतात, "दोनाचे चार हात करून टाका, येईल ताळ्यावर!" हे औषध निदान अकराशे वर्षांचं जुनं आहे, आणि त्याचा गुण आला तो आमच्या वाशीमला.

इ. स. 900च्या सुमारास राजशेखर पंडिताने 'काव्यमीमांसा' लिहिली. तीत सरस्वतीचे चिरंजीव काव्यपुरुष. देव आणि ऋषींच्या वादाचा निवाडा करायला आई निघाली, तर हे मागे लागले. "परत जा," म्हणताच स्वारी रुसून चालू पडली. मग गौरीने साहित्यविद्या नावाची वधूच निर्माण केली नि सांगितलं, "तो बघ, तुझा नवरा रागावून चाललाय. परत आण त्याला."

रुसायचं नवऱ्याने आणि पायपीट बायकोने! पूर्वेचे देश, पांचाल, अवंती, दक्षिण. देश तसा वेश करीत बिचारी हिंडली. पूर्वेला तर स्वारी फारशी बधलीच नाही. अखेर विदर्भात, वत्सगुल्मात, म्हणजे वाशीमला, पूर्ण विरघळली. गांधर्वविवाह झाला. ना हुंडा, ना मानपान, ना रुसलेले व्याही!

हे राजशेखराला सुचलं यात नवल नाही. त्याची पत्नी अवंतिसुंदरी विदुषी होती. याच ग्रंथात तिची मतं त्याने तिच्या नावानिशी दिली आहेत. एरवी नवरेमंडळी बायकोचं मत घरात खोडून काढतात आणि बाहेर स्वतःचं म्हणून खपवतात!