स्लो कुकरमधील भरली सफरचंदे

गाभा काढलेल्या सफरचंदात गूळ व सुका मेवा भरून ते मंद आचेवर अखंड शिजविले की भरले सफरचंद तयार होते. पाश्चात्त्य घरांत ते भट्टीत भाजतात. भट्टी नसल्यास विजेचा स्लो कुकर पुरतो. शब्बाथाच्या दिवशी विस्तव पेटविणे निषिद्ध असल्याने यहुदी कुटुंबे आदल्या सायंकाळीच भांडे मंद उष्णतेवर ठेवीत. त्याच प्रथेवरून अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांना हे उपकरण सुचले. १९४० साली त्यांना पेटंट मिळाले.

साहित्य : ४ घट्ट सफरचंदे, ४ चमचे किसलेला गूळ, २ चमचे मनुका, २ चमचे अक्रोड किंवा काजूचे तुकडे, चिमूटभर दालचिनी, थोडे तूप.

कृती : तळाला भोक न पाडता गाभा व बिया काढाव्यात. साल फाटू नये म्हणून वरच्या कडेची पट्टी सोलावी. सारण भरून वर तूप घालावे. कुकरमध्ये अर्धा पेला पाणी घालून फळे उभी ठेवावीत व मंद आचेवर अडीच ते तीन तास शिजवावीत. मध्येच झाकण उघडू नये. उष्णता निघून जाते.

पासलीसारख्या डोंगरी गावात वीज गेल्यास फळे त्वरित जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन चुलीच्या मंद आचेवर झाकून शिजवावीत. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे समजत नसेल, तर ती खाऊ नयेत.

दात नसलेल्या वृद्धांनाही हे मऊ फळ सहज खाता येते. मधुमेहींसाठी मात्र गूळ वगळावा व मनुका बेतानेच घालाव्यात.