नवव्या इनिंगचा माणूस

मागच्या शनिवारी रात्री दीड वाजता मी लॅपटॉप जरा जोरातच बंद केला. बायको दचकून उठली. "काय झालं? सर्व्हर पडला का?" म्हटलं, "नाही गं, मॅच हरलो." पुढचं संभाषण इथे देत नाही :-)

तर मंडळी, मी 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' नावाचा गेम खेळतो. (अस्सल अमेरिकन खेळाचा हा गेम मार्कुस हाइनसोन या जर्मन माणसाने १९९९ साली आणला, याची मला अजून गंमत वाटते.) यात बॅट-बॉल हातात नसतो. तुम्ही मॅनेजर. कुणाला खेळवायचं, पिचर कधी बदलायचा, एवढं ठरवायचं. सातवी इनिंग, माझी एका रनची आघाडी, तिन्ही बेसवर समोरची माणसं, आउट फक्त एक. माझा सगळ्यात भारी रिलीफ पिचर बाहेर बसलेला, कारण तो नवव्या इनिंगसाठी 'राखून' ठेवला होता. मग पाठवला दुसराच कोणीतरी. त्याने चार रन दिले. नववी इनिंग आली तेव्हा राखायला काही उरलंच नव्हतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक खुलासा. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. बुमराहला आधी दोन ओव्हर देऊन अठराव्याला परत बोलवायची सोय इथे नाही. म्हणून राखून ठेवायचा मोह होतो. पण नवव्या इनिंगसाठीच का? झोप उडालीच होती, म्हणून वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते १९५९ साली. पिट्सबर्गच्या एल्रॉय फेस या रिलीव्हरच्या नावावर त्या मोसमात १८ विजय आणि १ पराभव. शिकागोचा पत्रकार जेरोम होल्ट्झमन याला हे आकडे पटेनात. त्याचं म्हणणं, फेस आधी आघाडी घालवतो, मग त्याचेच बॅटर रन काढतात आणि विजय मात्र याच्या खात्यात जमा. म्हणून त्याने 'सेव्ह' नावाचा नवा आकडा काढला. १९६९ मध्ये तो अधिकृत झाला. आजचा नियम ढोबळमानाने असा: तीन किंवा कमी रनची आघाडी सांभाळत निदान एक इनिंग टाकून सामना जो संपवेल, त्याला सेव्ह. गोम 'संपवेल' या शब्दात आहे. सातव्या इनिंगला भरलेल्या बेसवरून टीमला बाहेर काढणाऱ्याला सेव्ह नाही.

१९८८ मध्ये ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रूसा याने डेनिस एकर्सलीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगला, तेही आघाडी असताना, वापरायला सुरुवात केली. एकर्सली होताच तसा. १९९० साली ४८ सेव्ह, आणि अख्ख्या मोसमात फक्त ४ वॉक! मग सगळ्यांनीच कित्ता गिरवला. मोजण्यासाठी काढलेला आकडा आता मॅनेजरचे निर्णय घेऊ लागला. (आमच्या एका प्रोजेक्टवर बंद केलेली तिकिटं मोजायला लागले, तेव्हा लोक एकाच बगची तीन तिकिटं करून तिन्ही बंद करायचे. असो.)

याची सगळ्यात महागडी किंमत बाल्टिमोरने मोजली. २०१६ चा बाद फेरीचा सामना, टोरांटोमध्ये. झॅक ब्रिटनने त्या मोसमात सेव्हच्या ४७ संधींपैकी ४७ साधल्या होत्या. सामना बरोबरीत अकराव्या इनिंगपर्यंत गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडीची वाट बघत राहिला आणि ब्रिटन बाहेरच. एडविन एन्कार्नासिओनने उबाल्डो हिमेनेझला होमरन मारला. मोसम खलास, आणि सगळ्यात भारी पिचरने एकही चेंडू टाकलेला नाही! हे वाचून मला माझ्या सातव्या इनिंगबद्दल जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आणि पूर्वी? पूर्वी रिलीव्हर अक्षरशः राबायचे. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक मार्शलने १०६ सामन्यांत २०८ हून जास्त इनिंग टाकल्या, एकदा तर सलग १३ सामन्यांत. साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीव्हर. पुढे याने व्यायामशास्त्रात पीएचडीही केली.

गेममध्ये जुने मोसम खेळता येतात. रविवारी सकाळी मी १९७४ चे डॉजर्स घेतले आणि ठरवलं, बेस भरले की मार्शल, मग इनिंग कुठलीही असो. तीन दिवस मजा आली. चौथ्या दिवशी त्याच्या नावापुढचा थकव्याचा आकडा लाल झाला, तरी पाठवला. पहिल्याच बॅटरने होमरन. खऱ्या मार्शलला सलग १३ जमले, माझ्याला ४ सुद्धा नाहीत.

आता त्याला दोन दिवस विश्रांती दिली आहे. आज रात्री सिनसिनाटीशी सामना आहे. बायको झोपली की बघू.