पगडी : मुंबईच्या घरांत दडलेले भांडवल

घराची किंमत कशी ठरते, याचा सर्वांत जुना हिशेब सोपा आहे. वर्षाचे भाडे मोजायचे, त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, भय्या-मेहत्याचा पगार वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याची बारा-पंधरा पट म्हणजे त्या इमारतीचे मोल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरगाव, लालबाग, परळ भागांत ज्या खासगी चाळी उभ्या राहिल्या, त्या याच हिशेबावर. चाळ बांधणाऱ्याला खोल्या विकायच्या नव्हत्या, त्याला दरमहा भाडे हवे होते. हा हिशेब जुळला नाही तर काय होते, हे खुद्द सरकारने दाखवून दिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कर्ज उभारले, कापसाच्या दर गाठीमागे रुपयाचा कर लावला आणि वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड इथे 207 चाळी बांधल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची. खर्च भरून निघेल एवढे भाडे गिरणी कामगाराला परवडत नव्हते आणि त्याला परवडेल एवढ्यात खर्च निघत नव्हता. शेकडो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. गरिबाला परवडणारे भाडे आणि भांडवलाला पुरणारे भाडे यांतली ही दरी मुंबईच्या घरांच्या इतिहासाचे मूळ दुखणे आहे. पगडी ही त्याच दरीवर लोकांनी स्वतः टाकलेली फळी होती, असे माझे म्हणणे आहे.

भाड्यावर कायद्याचे नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 मध्ये आले. पण शहराचे अर्थकारण बदलून टाकले ते 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. जुन्या घरांचे भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधले गेले. नंतर बांधलेल्या घरांचे पहिल्यांदा जे ठरेल तेच प्रमाण भाडे झाले. याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, शंभर खोल्यांची चाळ आहे आणि खोलीमागे दरमहा दहा रुपये भाडे येते. वर्षाचे झाले बारा हजार. खर्च चार हजार धरला तर निव्वळ आठ हजार उरतात, म्हणजे चाळीचे मोल लाखाच्या आसपास. पुढे महागाईने खर्च तिप्पट झाला आणि भाडे जागचे हलले नाही, तर निव्वळ उत्पन्न शून्य. हिशेबाने इमारत कवडीमोल झाली. प्रत्यक्षात मात्र त्याच इमारतीतल्या एका खोलीसाठी लोक हजारो रुपये मोजायला तयार होते. मोल नाहीसे झाले नव्हते, ते फक्त मालकीतून निघून ताब्यात जाऊन बसले होते.

पगडीने या हललेल्या मोलाला बाजार मिळवून दिला. घरात शिरताना एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि नंतर नाममात्र भाडे भरत राहायचे. सोडून जाताना भाडेकरूच नवा भाडेकरू आणणार, त्याच्याकडून रक्कम घेणार, त्यातला ठरलेला वाटा, पुढे पुढे बहुधा एक तृतीयांश, मालकाला देणार आणि मालक भाडेपावती नव्या नावाने फाडून देणार. 1947 च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा मालकाचाही गुन्हा ठरवला होता आणि भाडेकरूचाही. तरी व्यवहार चालत राहिला, कारण तो एका खऱ्या गरजेला उत्तर देत होता. बँका तेव्हा नोकरदाराला घरासाठी सहजी कर्ज देत नव्हत्या. घरकर्जालाच वाहिलेली एचडीएफसी हसमुखभाई पारेख यांनी स्थापन केली ती 1977 मध्ये. तोवर नव्या इमारतीच्या बांधकामाचा पैसा पगडीतून उभा राहत होता, आणि भाडेकरूला पुढे विकता येईल असा हक्क मिळत होता. हप्ते नसलेले, सावकार नसलेले असे हे घरकर्जच होते, आणि मालकी दोघांत अर्धीमुर्धी वाटली गेली होती.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे, आणि तो खरा आहे. पगडी रोखीत दिली जाई, कागदावर येत नसे, तिच्यात काळा पैसा मुरला. ज्याच्याकडे साठवलेली पुंजी नाही आणि गहाण टाकायला बायकोचे दागिनेही नाहीत, त्याला खोलीचे दार बंदच राहिले. स्वस्त भाड्याचा लाभ शेवटी त्यालाच मिळाला, जो आधी मोठी रक्कम देऊ शकत होता. पण हा दोष पगडीच्या माथी मारण्याआधी, भाडे गोठवल्यावर उरलेला फरक दुसऱ्या कोणत्या वाटेने वाहू शकला असता, हे सांगावे लागेल.

पगडीचा खरा, जीवघेणा दोष वेगळा होता. तिने घराचे मोल वाटून दिले, जबाबदारी मात्र वाटली नाही. गळके छप्पर, कुजलेली तुळई, खचलेला जिना यांचा खर्च कायद्याने मालकाचा. पण त्याच्या हाती येणारे भाडे त्याला पुरत नव्हते, आणि पगडीतला वाटा मिळायचा तो कोणी खोली सोडली तरच. भाडेकरूकडे विकण्याजोगा हक्क होता, पण संपूर्ण इमारतीवर त्याचा अधिकार नव्हता. हक्काने दोघांचेही असलेले घर पावसाळ्यागणिक कोणाचेच नसल्यासारखे ढासळत गेले. शेवटी 1969 मध्ये सरकारला कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि उपकर बसवावा लागला. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याखाली आल्या. मालक जे करत नव्हता ते आता भाडेकरूंचा उपकर आणि सरकारी तिजोरी मिळून करणार होते. दरवर्षी जून-जुलैत कोसळणाऱ्या इमारतींच्या बातम्या आल्या की पावसाला दोष दिला जातो. माझ्या मते पावसाआधी हिशेब कोसळलेला असतो.

दुसरा आक्षेप असा, की नियंत्रण नसते तर युद्धकाळातल्या टंचाईत आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात गरीब माणूस रस्त्यावर आला असता. हे मला पूर्ण मान्य आहे. त्या वेळी भाडे रोखणे आवश्यक होते. चूक झाली ती तात्पुरत्या उपायाला मुदतवाढ देत देत अर्धशतक जगवण्यात. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात मनमानी ठरल्याचे स्पष्ट सांगितले. 1999 च्या नव्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ मान्य केली. पण चार टक्के कशावर? आधीच गोठलेल्या भाड्यावर. इतक्या खोल खड्ड्यातून निघायला ती शिडी फारच लहान होती. त्याच कायद्याने पगडी घेणे-देणे मात्र कायदेशीर केले, म्हणजे बावन्न वर्षे ज्याला गुन्हा म्हटले त्याला बाजाराचा व्यवहार म्हणून मान्यता दिली.

दरम्यान नवे भांडवल भाड्याच्या घरांकडे फिरकेनासे झाले होते. सहकारी गृहनिर्माणाची वाट 1915 मध्येच गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने दाखवली होती, 1963 च्या कायद्याने ओनरशिप फ्लॅटला चौकट मिळाली आणि बांधणाऱ्याला सगळे पैसे विक्रीतूनच मोकळे करण्याचा मार्ग सापडला. भाड्यावर जगणारा चाळमालक मागे पडला, किंमत वाढण्याची वाट पाहणारा गुंतवणूकदार पुढे आला. आज मुंबईतल्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे त्याच्या किमतीच्या जेमतेम दोन-तीन टक्के येते, घरकर्जाचे व्याज त्याहून कितीतरी जास्त असते, आणि तरीही लोक घेतात. याला एकटा भाडे कायदा कारण नाही. चिंचोळे बेट, चटईक्षेत्राची बंधने, 2007 पर्यंत राज्यात चाललेला 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा यांचाही त्यात वाटा आहे. पण घर म्हणजे भाडे देणारी मालमत्ता, ही समजूतच या शहराने गमावली ती गोठलेल्या भाड्याच्या त्या दशकांत.

पगडीची लाखो माणसे अजून त्या खोल्यांत राहतात. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला की भाडेकरूला नवे घर विनामूल्य आणि मालकी हक्काने मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून जे कागद जपून ठेवलेले असतात, त्यांत सर्वांत मोलाची असते ती मालकाने फाडलेली भाडेपावती, जिच्यावर महिन्याची रक्कम कित्येकदा शंभर रुपयांच्या आतच लिहिलेली असते.